वाऱ्याचा पगार

वीज गेली की अख्खं शहर सरकारच्या नावाने बोटं मोडायचं आणि मेकॅनिक साबणाने हात धुऊन फोनची वाट बघत बसायचा. डिझेलचे जनरेटर दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. बर्फाच्या कारखान्यामागच्या गल्लीत त्याचं पत्र्याचं दुकान होतं. आत पाऊल टाकलं की डिझेलचा वास नाकात बसायचा, तो घरी जाऊन अंघोळ केली तरी निघायचा नाही. दवाखाना, छापखाना, थिएटर, सगळ्यांचं त्याच्यावाचून अडायचं. अंधारात ताटकळलेली माणसं त्याची गाडी दिसली की हुश्श करायची, आणि त्या हुश्शची त्याला चटक लागली होती.

घरातही तोच मान. सासूबाईंनी कुठल्या डॉक्टरला डोळे दाखवायचे हे तोच ठरवायचा. धाकट्या मेहुणीला घर बदलायचं झालं तेव्हा नव्या घराच्या भिंती यानेच आधी ठोकून बघितल्या. मेहुणीचा नवरा रंगारी होता. उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचा, दोरीला फळी बांधून दिवसभर हवेत लोंबकळायचा. काम असलं तर होतं, पावसाळ्यात तर नाहीच. मेकॅनिकपेक्षा तो वयाने लहान, बोलायला मऊ, आणि प्रत्येक गोष्टीत "साडूभाऊ, तुम्ही सांगाल तसं" म्हणणारा. मेकॅनिकचा त्याच्यावर फार जीव होता. ज्याच्यापुढे आपण मोठे दिसतो त्याच्यावर जीव लावायला काय लागतं?

आणि मग सरकारचं नवं धोरण आलं.

शहराच्या वरच्या अंगाला लांबच लांब बोडका डोंगर होता. तिथे उभं राहिलं तर टोपी डोक्यावर टिकायची नाही. त्या डोंगरावर पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपनीची वीज सरकार बरीच वर्षं ठरलेल्या दराने विकत घेणार होतं, मग बाजारात भाव पडो की चढो. यंत्रांवरचा करही माफ होणार होता. बदल्यात एक अट होती. कामाला माणसं इथलीच घ्यायची, त्यांना शिकवायचं, आणि शिकवण्याचा अर्धा खर्च सरकार उचलणार. त्यातही ज्यांच्या धंद्याला या विजेची झळ बसेल त्यांना आधी संधी. जनरेटरवाल्यांचा तर त्यात स्पष्ट उल्लेख होता.

"सरकारने वाऱ्याला पगार लावलाय," मेकॅनिक कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे म्हणाला. चार माणसं खळखळून हसली. दोन दिवसांत ते वाक्य शहरभर झालं आणि लोक ते त्यालाच नवं म्हणून ऐकवू लागले.

पण तो कंपनीच्या भरतीच्या चाचणीला गेला होता. कुणालाही न सांगता, बायकोला 'सुटे भाग आणायला चाललोय' अशी थाप मारून. कंपनीच्या आवारातल्या खोलीत त्याला बेअरिंगबद्दल विचारलं, गिअरबॉक्सबद्दल विचारलं, तेल का काळं पडतं ते विचारलं, आणि त्याने सगळं घडाघडा सांगितलं. मग त्याला बाहेर नेलं. आवारात सरावासाठी एक उंच खांब उभा केला होता, त्याला सरळसोट लोखंडी शिडी. कमरेला पट्टा बांधला, डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि चढा म्हणाले. छपराच्या उंचीपर्यंत तो गेला. तिथे त्याने खाली बघितलं, आणि हात शिडीला असे चिकटले की सुटेनात. शेवटी शिकवणारा माणूस मागून चढला आणि त्याच्या पट्ट्याला धरून, एकेक पाय पायरीवर ठेवायला लावत, लहान मुलाला उतरवावं तसं त्याला खाली उतरवलं. "होतं असं," तो माणूस म्हणाला. मेकॅनिकला वाटलं, त्यापेक्षा हसला असता तर बरं झालं असतं.

पुढच्याच सुट्टीला रंगारी सल्ला विचारायला आला. जाऊ का म्हणाला चाचणीला? मेकॅनिक खुर्चीत मागे रेलला. ही सरकारी योजना आहे, दोन वर्षांत गुंडाळतील, असं त्याने आधी बजावलं. मग वाटलं, याला गिअरबॉक्समधलं काय कळतंय, जाईल तसा परत येईल. आपल्यासारखाच आणखी एक परत आलेला असला तर बरंच. म्हणून म्हणाला, "जा की. तुझं काय जातंय?"

रंगारी गेला आणि निवडला गेला. गिअरबॉक्समध्ये त्याला शून्य कळत होतं. पण तो त्या खांबावर शीळ घालत चढला आणि वरून विचारलं, आता काय करू? कंपनीवाल्यांचं म्हणणं, यंत्र आम्ही शिकवू, पण उंचीवर थंड राहणारं डोकं कुठून शिकवणार?

इथून मेकॅनिकच्या पोटात दुखायला लागलं ते थांबलंच नाही.

आधी कपडे डोळ्यांत खुपले. रंगारी आता चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घालून यायचा, जाड तळव्यांचे बूट दाराबाहेर काढायचा. ते बूट इतके मोठे होते की शेजारी मेकॅनिकच्या चपला आजारी दिसायच्या. मग पगार. दर महिन्याला, ठरल्या दिवशी, पाऊस असो की ऊन. मग सासूबाई. त्या राहायच्या मोठ्या मुलीकडे, म्हणजे मेकॅनिकच्याच घरी, पण दार वाजलं की विचारायच्या, "धाकटे जावई आले का?" धाकटे जावई! ज्याला आतापर्यंत त्या 'तो' म्हणत होत्या. एकदा रंगाऱ्याने पवनचक्कीच्या अगदी माथ्यावरून काढलेला फोटो आणला. खाली शहर म्हणजे सांडलेल्या काड्यांसारखं. सासूबाईंनी तो फोटो समोरच्या भिंतीवर लावून घेतला, आणि मेकॅनिकला रोज जेवताना त्याच्याचकडे तोंड करून बसावं लागायचं.

लोक आता रंगाऱ्याला तंत्रज्ञ म्हणू लागले होते. मेकॅनिक मात्र त्याला रंगारीच म्हणत राहिला. चारचौघांत तर जरा मोठ्यानेच.

वीज जाणं हळूहळू कमी झालं. त्याला काही एकट्या पवनचक्क्या कारण नव्हत्या. तारा बदलल्या, नवी उपकेंद्रं झाली. पण मेकॅनिकच्या मनाने एकच गुन्हेगार पकडून ठेवला होता. बर्फाच्या कारखान्याने जनरेटर विकून टाकला. थिएटरवाला रस्त्यात भेटला की नजर चुकवायचा. बायको कधी टोचून बोलायची नाही, पण धाकटीकडे नवं कपाट आलं, धाकटीने दात बसवून घेतले, अशी बातमी अगदी सहज पोळी वाढावी तशी ताटात वाढायची, आणि ती त्याच्या घशाखाली उतरायची नाही.

एकाच गोष्टीत त्याला कुणी वाटेकरी नव्हता, ती म्हणजे त्याची लेक. शाळेत होती तेव्हापासून दुकानात यायची. आता कॉलेज संपवून त्याच्या बरोबरीने काम करत होती. आवाज ऐकून कुठला झडपेचा आणि कुठला पट्ट्याचा हे तिला कळायचं. गिऱ्हाईक आधी तिच्याकडे बघून बिचकायचं आणि जाताना तिलाच धन्यवाद देऊन जायचं. तेव्हा मेकॅनिकची छाती फुगायची.

पण रंगारी आला की तीही काकाभोवती. पाती वाऱ्याकडे तोंड कशी वळवतात, वादळात ब्रेक कसा लागतो, माथ्यावरची खोली हलते म्हणजे किती हलते. मेकॅनिक जनरेटरखाली आडवा पडून ऐकत राहायचा. ती हसायची ते हसू त्याच्या ओळखीचं होतं. लहानपणी त्याने पहिल्यांदा इंजिन सुरू करून दाखवलं तेव्हा ती तशी हसली होती. आता ते दुसऱ्याच्या वाट्याला चाललं होतं आणि तो खाली पडून नट आवळत होता. एकदा इतका आवळला की आटा गेला.

काही वर्षांनी कंपनीने डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आणखी पवनचक्क्या उभारायचं ठरवलं. मधल्या काळात सरकारचं धोरण बदलत आलं होतं. ज्यांना वर्षअखेरीपर्यंत मंजुरी मिळेल त्यांनाच जुना ठरलेला दर. त्यानंतर लिलाव, जो सर्वांत स्वस्त वीज देईल त्याला काम. त्यामुळे कंपनीची घाई चालली होती. कायद्याप्रमाणे आधी जाहीर सुनावणी घ्यायची होती, लोकांच्या हरकती ऐकायच्या होत्या. शाळेच्या सभागृहात टेबल मांडून एक अधिकारी बसला. सुनावणी निम्म्यावर आली तरी कुणी हरकत घेत नव्हतं. एका म्हाताऱ्याने पक्ष्यांचं विचारलं, एकाने रस्ता कधी करणार ते विचारलं. रंगारी दुसऱ्या रांगेत जाकीट घालून बसला होता. येणारे-जाणारे त्याच्या खांद्यावर हात ठेवून जात होते.

मेकॅनिक काही बोलायचं ठरवून आला नव्हता. पण अधिकाऱ्याने रंगाऱ्याला उभं केलं, धोरणाचा फायदा कसा होतो याचं हे चालतंबोलतं उदाहरण म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या संपायच्या आत मेकॅनिक उठून उभा राहिला.

"साहेब, त्या पात्यांच्या आवाजाने माझं डोकं भणभणतं," तो म्हणाला. "डोळ्याला डोळा लागत नाही. आहेत तेवढ्यांनीच जीव नकोसा झालाय, आणखी कशाला?"

त्याचं घर बाजाराच्या मागे होतं. तिथे डोंगराचा आवाज सोडा, शेजारच्या घरातलं भांडणही बाजाराच्या गोंगाटात ऐकू यायचं नाही. हे रंगाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने मान वळवून साडूकडे एकदा पाहिलं आणि मग तो आपल्या बुटांकडे बघत बसला.

पण मेकॅनिकच्या शब्दाला शहरात वजन होतं. तो बोलतोय म्हणजे काहीतरी असेल असं लोकांना वाटलं. औषधांच्या दुकानदाराला आठवलं की त्याची आईही हल्ली डोकं धरून बसते. एका बाईंच्या कोंबड्या अंडी देईनाशा झाल्या होत्या. कुणाचा टीव्ही खरखरत होता. बघता बघता निम्मं सभागृह उभं राहिलं. अधिकाऱ्याने हात वर केले आणि सांगितलं, आधी आवाजाची मोजणी होईल, तोवर निर्णय नाही. मोजणी करणारं पथक लांबून यायचं होतं. मुदत त्याआधीच संपणार हे तिथल्या तिथे सगळ्यांना कळलं. पुढच्या आठवड्यात कंपनीने नव्या पवनचक्क्यांचा बेत गुंडाळला.

ती बातमी आली त्या संध्याकाळी मेकॅनिक कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला. भिंतीवरच्या फोटोकडे बघत दुसऱ्यांदा भात मागून घेतला. सरकारच्या कुबड्या घेऊन चालणारे असेच पडायचे, असं काहीतरी मोठ्याने म्हणाला. लेकीने अर्धं जेवलेलं ताट उचललं, ते धुतलं आणि ती आत निघून गेली.

"हिला काय झालं?" त्याने विचारलं.

बायको आवाज न चढवता म्हणाली, "अहो, नव्या पवनचक्क्यांसाठी इथली मुलं घेणार होते ना. त्यात हिची निवड झाली होती."

"कुणाची?"

"आपल्या पोरीची. काकाबरोबर चाचणीला गेली होती, पहिली आली."

मेकॅनिकचा हात ताटातच राहिला. पण खरं सांगायचं तर त्याच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते पोरीचं नुकसान नव्हतं. पहिल्यांदा आलं ते हे, की रंगाऱ्याला हे माहीत होतं आणि आपल्याला नाही.

"मला का नाही सांगितलं?"

"कसं सांगणार? पवनचक्कीचं नुसतं नाव काढलं तरी तुमचं जेवण बिघडतं. ती म्हणाली, कामावर रुजू होण्याचं पक्कं ठरलं की बाबांना स्वतः सांगेन."

सासूबाई जेवून तिथेच बसल्या होत्या. त्या उठून आत नातीकडे गेल्या.

लेक त्याच्याशी भांडली नाही. भांडली असती तर त्यालाही चार शब्द सुनावता आले असते. ती रोज दुकानात यायची, काम करायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. पूर्वी ती कामाच्या नादात गुणगुणायची, ते बंद झालं. मेकॅनिकला आता खरोखरच झोप लागेना, आणि डोकंही भणभणायला लागलं.

शेवटी तो त्या अधिकाऱ्याकडे गेला. ताठ उभा राहिला आणि म्हणाला की माझी तक्रार मागे घ्या, माझ्या घरापर्यंत आवाज येत नाही, कधी आलाच नव्हता. अधिकारी चिडला नाही. मोजणी कालच झाली, म्हणाला, आणि आवाज मर्यादेच्या कितीतरी खाली निघाला. पण जुन्या दराची मुदत गेली ती गेली. आता लिलाव होईल, दुसरी कंपनी येईल किंवा न येईल, आणि आली तरी शिकवण्याची अट तिला असेलच असं नाही. नव्या धोरणातून ती काढलीय. मग त्याने सहज विचारलं, "मग तेव्हा तसं का म्हणालात?" मेकॅनिकने दाराकडे पाहिलं. "साडू आहे माझा तिथे," एवढंच म्हणाला. अधिकाऱ्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने मान डोलावली.

रस्ता काढला तो रंगाऱ्यानेच. समुद्राकाठच्या एका शहरात, मुदतीआधीच मंजुरी मिळालेल्या पवनचक्क्यांवर, अजून जुनीच योजना चालू होती, तिथे शिकवणाऱ्यांत त्याचा एक सोबती होता. त्याच्याशी तो बोलला, लेकीला चाचणीला घेऊन गेला आणि घेऊन आला. ती पुन्हा निवडली गेली. या वेळी ती सांगायला दुकानात आली, आणि रंगारी बाहेर गल्लीतच थांबला. पोरीने बापाला एकट्याने सांगावं म्हणून थांबला, हे मेकॅनिकच्या लक्षात आलं. उपकार करायचे तर निदान मिरवावं तरी माणसाने. तेही नाही. शिव्या घालायला जागाच ठेवत नव्हता हा माणूस.

त्याने लेकीला नको म्हटलं नाही. ती जायच्या आधीचे आठवडे त्याने दुसरं काहीच केलं नाही. भंगारातून एक मोठा गिअरबॉक्स उचलून आणला, टेबलावर उघडला आणि त्याला येत होतं ते सगळं तिच्यापुढे ओतलं. दात झिजले तर कसे दिसतात, बेअरिंग जाण्याआधी काय म्हणतं, तेल दोन बोटांत चोळून बघितलं तर काय कळतं. हात कोपरापर्यंत काळे झाले. तिचं गुणगुणणंही हळूहळू परत आलं. त्याच्या डोक्यात एकच होतं, की वर गेल्यावर हिला जे येईल त्यातलं निम्मं तरी आपलं असलं पाहिजे. सगळं रंगाऱ्याचं नको.

एका दुपारी तिने मान वर न करता विचारलं, "बाबा, तुम्ही का नाही गेलात तेव्हा? तुमच्यासारख्यांना तर आधी घेणार होते."

त्याच्या तोंडावर नेहमीची थाप आली होती. ती त्याने गिळली.

"गेलो होतो," तो म्हणाला. "छपराएवढा चढलो. तिथून मला धरून उतरवलं."

ती हसेल असं त्याला वाटलं. तिने फडकं खाली ठेवलं आणि विचारलं, "आईला माहितीये?"

"नाही. आणि तुझ्या काकाला तर मुळीच सांगायचं नाही."

आता मात्र ती हसली, आणि तो बऱ्याच दिवसांनी तिच्याबरोबर हसला.

ती गेली. दुकान एकदम मोठं वाटायला लागलं. जनरेटरचं काम थोडंफार चालू होतं, पंप आणि मोटारी येत होत्या, पोटापाण्याचं भागत होतं. लेकीचा फोन बहुतेक संध्याकाळी यायचा. जेवण कसं आहे, खोलीत कोण आहे, वर्गात काय शिकवलं. खऱ्या पवनचक्कीवर अजून नेलं नव्हतं. ज्या दिवशी नेतील त्या दिवशी आधी मला सांग, असं त्याने दोनदा बजावलं होतं.

एका दुपारी रंगारी धापा टाकत गल्लीत शिरला. कामावरूनच आला होता, हेल्मेट काखेत होतं. "चढली!" तो दारातूनच म्हणाला. "साडूभाऊ, थेट माथ्यापर्यंत चढली. आत्ता फोन आला होता."

मेकॅनिकने खिशातला फोन काढून पाहिला. काही नव्हतं. म्हणजे आधी याला.

कारण त्याला कळत होतं. एवढ्या उंचीवर उभं राहिल्यावर माणूस आधी त्यालाच सांगणार जो तिथे उभा राहिलाय. सगळं नीट कळत होतं, आणि तरी काळजात कुणीतरी चिमटा घेऊन पीळ दिल्यासारखं झालं. रंगाऱ्याच्याही ते ध्यानात आलं असावं. तुमचा फोन लागत नव्हता म्हणे, असं तो पुटपुटला, आणि त्याला खोटं बोलता येत नाही हे त्याच्या कानांच्या लाल पाळ्यांवरून दिसत होतं.

मेकॅनिकने कोपऱ्यावर आवाज देऊन दोन चहा मागवले. "बस," तो म्हणाला. "आणि पहिल्यापासून सांग. गाळू नकोस काही."

रंगारी सांगू लागला. सकाळी वारा होता म्हणून थांबवलं होतं. मग वारा पडला. तिचा नंबर तिसरा होता.

"घाबरली होती?"

"पहिल्या टप्प्याला थोडी. तिथे सगळेच घाबरतात. मग नाही."

"खाली बघितलं का तिने?"

"वर पोचल्यावर बघितलं. म्हणाली, समुद्र खूप लांबपर्यंत दिसतो."

हे समुद्राचं तिने याला सांगितलं होतं. त्या क्षणी मेकॅनिकला साडूचा इतका हेवा वाटला की हातातला कप खाली ठेवावा लागला.

"पुढे?" तो म्हणाला.